बादलीतला बंगालचा उपसागर

रामाकोना

सतरा वर्षं मी सौंसरच्या मुलींना समुद्र शिकवला आणि समुद्र काही पाहिला नव्हता. फळ्यावर खडूने भारताचा नकाशा काढायचा, खालून दोन बाण मारायचे, एक अरबी समुद्राचा, एक बंगालच्या उपसागराचा, आणि मोठ्या आवाजात सांगायचं, "मुलींनो, उन्हाळ्यात जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, मग समुद्रावरची ओली हवा इकडे धावत येते." एकदा मागच्या बाकावरच्या एका भवानीने विचारलं, "बाई, तुमी पाह्यली का धावतानी?" वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण ते बोलणं काही मनातून जाईना.

म्हणून धाकट्या दिराची, सुधाकरची, बदली पोर्ट ब्लेअरला झाली आणि "वहिनी, सुट्टीत या" असं त्याचं पत्र आलं, तेव्हा मी त्याच दिवशी ट्रंक खाली काढली. आमचे हे सौंसरच्या तहसीलीत कारकून आहेत. ते म्हणाले, "मे महिन्यात समुद्रावर? डोकं तं ठिकाणावर हाये ना तुयं?" मी म्हटलं, "ठिकाणावर आहे म्हणूनच मे महिन्यात. पाऊस जन्मतो तेव्हाच पाहायचा असतो. दिवाळीत जाऊन काय त्याचा पाळणा पाहू?"

आणि तेवढ्यात ओसरीवरून मामाजी बोलले, "मी बी येतो."

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. वय सदुसष्ट, रामाकोन्याला साडेतीनशे संत्र्यांची बाग, सगळी झाडं स्वतःच्या हातानं लावलेली, आणि नागपूरच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही. तेही मेमध्ये, बाग ताणावर असताना!

ताण म्हणजे काय, ते संत्र्याच्या मुलखाबाहेरच्यांना सांगायलाच हवं. आम्ही भर उन्हाळ्यात, विहिरीत पाणी असूनही, झाडांचं पाणी तोडतो. पानं कोमेजतात, गळतात, झाड आता मरतं की काय असं वाटतं. मग मृगाचा पाऊस पडला, की ते उपाशी झाड अंगभर फुलतं. तो मृग बहार. पण हा सगळा खेळ वेळेचा. ताण अर्ध्यात तुटला, तर नुसती पालवी फुटते, चार फुलं आली तरी उन्हानं गळतात, आणि वर्ष हातचं जातं.

गेल्या वर्षी तेच झालं होतं. मेच्या शेवटी दोन दिवस झडी लागली. मामाजींनी आभाळाकडे पाहून हात जोडले, गावात पेढे वाटले, झाडांभोवती पाणी थांबायला आळी बांधून खत टाकलं आणि वरून विहिरीचं पाणी सोडलं. मग पंधरा दिवस असं ऊन पडलं, की झाडाखाली फुलांचा सडा पडला. सगळ्या गावाचंच तसं झालं होतं, पण मामाजींनी ते आपल्या जिवाला लावून घेतलं. तेव्हा आमचे हे जेवताना म्हणाले होते, "बाबा, हा जुगार बंद करा. झाडं काढतो अन् कपाशी लावतो." बाचाबाची झाली. शेवटी मामाजींनीच ताट सारून शब्द दिला, "येत्या साली बहार नाही आला तं तूच कुऱ्हाड लाव. मी आडवा येनार नाही."

ते हे साल होतं. आणि हा माणूस म्हणत होता मी येतो!

"मामाजी, बाग?"

"तुया नवरा हाये ना, वसंता. त्याले फक्त गप बसाचं हाये. पानी द्याचं नाही, एवढंच काम." मग म्हणाले, "सूनबाई, हा पाऊस मले जलमभर फसवून राहिला. एकदा त्याचं घर पाहून येतो."

जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडला आणि आम्ही आमच्या छोट्या, नॅरोगेजच्या आगगाडीत बसलो.

मद्रास

नागपूरहून मद्रासपर्यंतचं काय सांगायचं? ऊन, धूळ, आणि मामाजींची प्रत्येक स्टेशनावर एकच चौकशी: "इथं ताण देतात का हो?" भाषा कळत नव्हती, तरी विचारायचे.

बंदरावर समुद्र पहिल्यांदा दिसला. मी काय काय मनात ठरवून गेले होते! प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "अगं माय वो, एवढा?" बस, एवढंच. भूगोलाच्या मास्तरीणबाई! मामाजींनी मात्र चपला काढल्या, वाकून पाण्याला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला.

जहाजावर

आमची जागा बंकमध्ये होती, जहाजाच्या पोटात, एकावर एक फळ्या. पहिल्या दिवशी समुद्र इतका शांत होता की तेल ओतल्यासारखा. वारा नाही. अंगाला कपडे चिकटलेले. रामाकोन्याचं ऊन भाजतं, पण घाम तिथल्या तिथे वाळतो. इथला उन्हाळा अंगावर ओला बसून राहतो. दुपारी दूरवर ढगांचे मनोरे चढायला लागले, एकेक उभा, डोक्यावर ऐरण ठेवल्यासारखा सपाट. संध्याकाळी त्यांच्या आत विजा चमकत होत्या, पण आवाज नाही. मामाजी कठड्याला टेकून घरून आणलेले धापोडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, खात पाहत राहिले. जहाजावर तीनही वेळा भात आणि मासे. मामाजींचा मारुतीचा शनिवार, तो त्यांनी धापोडे आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि माझं काम तमाम झालं. वारा तसाच पडलेला, पाणी वरून गुळगुळीत, पण डावीकडून लांबच लांब लाटा यायला लागल्या, फेस नाही, आवाज नाही, जहाज हळूच वर उचलायच्या आणि हळूच सोडायच्या. माझं पोट जहाजाच्या आधी वर जायचं आणि नंतर खाली यायचं. मी लिंबू हुंगत बंकवर पडले होते, तेव्हा मामाजी जिन्यावरून ओरडले, "सूनबाई, ऊठ! समुद्राले बुखार आला का ते पाहून राहिले!"

कशीबशी वर गेले. पांढऱ्या कपड्यातला एक अधिकारी कॅनव्हासच्या बादलीला दोर बांधून समुद्रात सोडत होता. बादली वर ओढली, आत थर्मामीटर घातलं, वहीत आकडा टिपला. आमचं बोलणं ऐकून त्यानं वर पाहिलं.

"मराठी का तुम्ही? कुठले?"

"सौंसरचे," मी म्हटलं.

"म्हणजे साताऱ्याकडे?"

"मध्यप्रदेश."

"मध्यप्रदेशात मराठी?"

"हाव," मामाजी म्हणाले. "सरकारशी हिंदीत बोलतो, झाडाशी मराठीत."

तो दिलखुलास हसला. पाटणकर त्यांचं नाव, रत्नागिरीकडचे, जहाजाचे सेकंड ऑफिसर. दिवसातून चार वेळा हवा, वारा, ढग आणि पाण्याची उष्णता मोजून वायरलेसनं वेधशाळेला कळवायची, हे त्यांचं काम. मामाजींनी न विचारताच बादलीत हात घातला.

"बाप्पा! हे तं कोमट हाये!"

"तिसाला टेकलंय," पाटणकर म्हणाले. "या दिवसांत वरचं पाणी असंच असतं. शेकडो मैल."

मीही कोपरापर्यंत हात घातला. खरंच कोमट. बाळाच्या अंघोळीला चालेल असं. सतरा वर्षं मी जमीन तापते म्हणून सांगत आले, पण समुद्रही असा तापून बसलेला असतो, हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं! त्या ढगांच्या मनोऱ्यांचं पाणी कुठून येतं, ते एका क्षणात कळलं. मळमळ कुठल्या कुठे पळाली. मी चक्क मोठ्यांदा म्हटलं, "मुलींनो, हे पाहा!" आणि जवळचे दोन खलाशी दचकले.

मामाजी मात्र लाटांकडे पाहत होते. "साहेब, वारा नाही तं मंग ह्या लाटा कोन ढकलून राहिला?"

पाटणकरांचा चेहरा बदलला. त्यांनी बोट उत्तरेकडे केलं. "आजोबा, बरोबर विचारलंत. तिकडे लांब कमी दाबाचं वादळ तयार होतंय. वारा तिकडे आहे, लाटा आपल्यापर्यंत पोचल्यात. सकाळीच बातमी आली. आम्ही दक्षिणेला वळून जाणार आहोत, काळजी करू नका."

"काळजी जहाजाची नाही. थे कोठी जाईन?"

पाटणकरांनी आम्हाला आत नेऊन नकाशा दाखवला. बोट समुद्रातून तिरपं वर सरकलं, किनाऱ्यावर चढलं आणि नागपूरच्या अंगाला येऊन थांबलं. "बहुतेक असं. तीन-चार दिवसांत तुमच्याकडे चांगला पाऊस. दोन दिवस, कदाचित तीन."

"अन् मंग?"

"मग वादळ विरेल. जाताना ते समुद्रावरची ओल आपल्याकडे ओढून घेतं, मोसमी वाऱ्याची घडी विस्कटते. खरा पाऊस मागे पडतो. मध्ये पंधरा दिवस कडक ऊन."

मामाजी खुर्चीवर बसलेच. त्यांचे ओठ हलत होते. "हेच होतं ते. गेल्या साली हेच होतं. मी याले मृग समजून पेढे वाटले." मग एकदम माझ्याकडे वळले. "सूनबाई, वसंता काय करीन माहीत हाये? ढग दिसले का आळी बांधीन, खत टाकीन. बापानं केलं तेच करीन. बाग गेली!"

ते खरं होतं. आणि मामाजींना बागेपासून हजार मैल दूर आणणारी मीच होते. 

"तार करू," मी म्हटलं. "पाणी देऊ नका म्हणून."

"नुसतं तेवढ्यानं नाही होत. वरून पडीन त्याचं काय?" मामाजींनी डोळे मिटले.  मग म्हणाले, "लिही. आळी फोडा. समदी. पानी झाडाखाली थांबलं नाही पाह्यजे, नाल्यानं वाहून जाऊ द्या."

मी पेन्सिल खाली ठेवली. मे महिन्यात, आमच्या रामाकोन्यात, पडणारं पाणी वाहून जाऊ द्या! हे ऐकून लोक आम्हाला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात नेतील. आणि पाटणकरांचा अंदाज चुकला तर? तोच खरा मृग असला तर? मग साडेतीनशे झाडं माझ्या अक्षरानं वाळणार होती.

"मामाजी, विचार करा."

"केला. जलमभर आभाळ खालून पाह्यलं, आज वरून पाहून राहिलो. लिही माय."

पाटणकरांनी कॅप्टनची परवानगी घेतली आणि वायरलेसवाल्याने आमचा निरोप टकटक करत मद्रासला धाडला. तिथून तो तारेनं सौंसरला जाणार होता: वादळाचा पाऊस येतो आहे, मृग नाही, सगळी आळी फोडा, खत पाणी नको, बाबांची आज्ञा.

त्या संध्याकाळी सूर्याभोवती कडं पडलं आणि आभाळ विटेसारखं लाल झालं. तिसऱ्या दिवशी नैर्ऋत्येचा वारा सुटला. हाच तो माझा खडूचा बाण! दमट, गरम, सतत एका दिशेनं ढकलणारा, खाली ढगांच्या चिंध्या पळवत नेणारा. मध्येच पावसाची भिंत चालत यायची, दहा मिनिटं सगळं पांढरं करायची आणि निघून जायची. दोरखंड धरून मी वर उभी राहिले, चिंब झाले, आणि ओरडून ओरडून हसले. आता विचार म्हणावं बाईंना, पाहिली का धावताना! मामाजींची टोपी उडून समुद्रात गेली. त्यांनी उत्तरेकडे मूठ उगारली. "जा! कोठी जायचं तिकडे जा! यंदा नाही फसत मी!"

पोर्ट ब्लेअर

सुधाकरचं घर टेकडीवर होतं, पत्र्याचं छप्पर, दारात चार छत्र्या. इथे पाऊस रोज येतो आणि त्याच्याकडे कुणी मान वर करूनही पाहत नाही. बायका धुणं आत घेतात, पाऊस जातो, धुणं बाहेर. मामाजींना ते फार लागलं. "पावसाले काही मानच नाही इथं. पावना रोज आला का असंच होते."

माड, सुपारी, नारळाचं दूध घातलेलं वरण, संध्याकाळी सहाच्या आतच पडणारा अंधार, सगळं पाहिलं. पण खरं सांगते, आमचं लक्ष सुधाकरच्या ट्रांझिस्टरला लागलेलं. बातम्यांत सांगितलं, वादळ किनाऱ्यावर चढलं, विदर्भात आणि लगतच्या मध्यप्रदेशात जोरदार पाऊस. पाटणकरांचं अर्धं खरं ठरलं. आता दुसरं अर्धं! त्यानंतर दहा दिवस आमच्या भागाचं नाव कुणी घेईना. मामाजी जेवायला बसायचे आणि दोन घासांत उठायचे.

अकराव्या दिवशी ह्यांची तार आली. "आळी फोडली. गाव हसते. ऊन कडक. वसंता."

ऊन कडक! आम्ही ती तार तीनदा वाचली. सुधाकरच्या बायकोला कळेना, ऊन पडलं म्हणून हे दोघं फुगडी घालायचेच काय ते बाकी का आहेत. त्या रात्री मामाजींनी तीन वेळा भात मागून घेतला.

पण ताण लांबला होता. झाड किती सोसेल? मृग आणखी मागे पडला तर झाडच वाळायचं. जूनच्या मध्यावर रेडिओनं मोसमी वारे विदर्भात पोचल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे मामाजींनी परतीच्या जहाजाची चौकशी केली.

पुन्हा रामाकोना

शाळा उघडायला दोन दिवस होते, तेव्हा आमची छोटी गाडी रामाकोन्याच्या स्टेशनात शिरली. ओली काळी जमीन, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, दोन-दोन पानं. हे घ्यायला आले होते. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ! तहसीलीत बसून बसून यांचा चेहराही अर्जासारखा झाला आहे.

"बाग?" मामाजींनी विचारलं.

"चला. पाहा."

बांधापर्यंत पोचायच्या आधीच वास आला. नंतर दिसलं. पांढरं! झाडच्या झाड पांढरं, पानं शोधावी लागत होती, मधमाशांचा नुसता गजर. शेजारपाजारचे बागाईतदार बांधावर उभे होते. त्यांच्या बागा हिरव्यागार होत्या, नुसती पालवी, फूल नाही. सगळ्यांनी वादळाच्या पावसावर ताण तोडला होता. कुणी हसत नव्हतं. मामाजी एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे जात होते, फांदीला हात लावत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मीही रडले. का नाही रडायचं? जिंकलो होतो आम्ही!

विहिरीजवळची एक ओळ मात्र हिरवीच होती. मामाजी तिथे थांबले.

"ही माई चूक," हे खाली मान घालून म्हणाले. "ढग आले तसा मी लागलोच. गेल्या सालची आळी नीट केली, पानी सोडलं. एक ओळ भिजली अन् तारवाला आला."

"मंग?"

"मंग काय बाबा. रोजदारांले सांगितलं आळी फोडा, तं त्यायनं कुदळी खाली ठेवल्या. म्हने उन्हाळ्याचं पानी सांडनं पाप हाये, आमी नाही करत. तवर पाऊस सुरूच झाला. मंग मीच घेतली कुदळ. दोन दिवस, भर पावसात. पानी नाल्याकडे जातानी पाहून रडू येऊन राहिलं होतं मले. पन तुमची आज्ञा होती."

"समदी तूच फोडली? एकट्यानं?"

ह्यांनी हात मागे घेतले. मामाजींनी त्यांचे दोन्ही हात धरून उलटे केले. मीही पाहिले. सतरा वर्षं ज्या हातांना फक्त शाई लागली होती, त्या तळव्यांवर फोड फुटून घट्टे पडले होते. तारेत त्यांनी यातलं काही लिहिलं नव्हतं.

मामाजींनी ते हात सोडले नाहीत. मग बांधावरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या ओळीचा आंबिया बहार घेऊ थंडीत. झाड फुकट नाही जात. अन् वसंता, मी शब्द देल्ला होता का बहार नाही आला तं झाडं तुया कुऱ्हाडीच्या हवाली. बहार तं तुया हातानं आला. घे. आजपासून बाग तुई."

ह्यांनी कुऱ्हाडीचं नाव काढलं नाही. पांढऱ्या झाडांकडे पाहिलं, हिरव्या ओळीकडे पाहिलं, आणि लग्नापासून आजतागायत बागेबद्दल एक प्रश्न न विचारलेला हा माणूस हळूच म्हणाला, "बाबा, आता पुढे काय कराचं असते, ते सांगा."